गरजूंसाठी भाजीपाला पिकवायचा आहे: पिकांची निवड आणि नियोजन यांबद्दल सल्ला हवा

प्रश्न

नमस्कार. आम्हा काही शेजाऱ्यांना सुमारे १०० चौरस मीटर मोकळी जागा वापरायला मिळाली आहे. तिच्यात पिकेल तो सगळा भाजीपाला जवळच्या अन्नछत्राला द्यायचा, असे आम्ही ठरवले आहे. तिथे रोज साधारण ४० माणसे जेवतात. परसबागेचा अनुभव आमच्यापैकी बहुतेकांना आहे, परंतु इतरांच्या जेवणासाठी नियमितपणे पिकवण्याचा नाही. कोणती पिके घ्यावीत आणि सगळा माल एकदम तयार होऊन वाया जाऊ नये म्हणून काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

वाफे आखण्यापूर्वी अन्नछत्रात स्वयंपाक करणाऱ्यांना भेटा. त्यांना कोणत्या वारी भाजी हवी असते, ती ठेवायला थंड जागा आहे का आणि निवडायला-चिरायला किती माणसे असतात, यावरच तुमच्या पिकांची यादी ठरायला हवी. मनुष्यबळ कमी असेल, तर तुम्ही प्रेमाने नेलेली पालेभाजी निवडण्याअभावी पडून राहील.

आता हिशेब पाहा. प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे ४० जणांना रोज १६ किलो. एवढ्या जागेतून रोज इतका माल निघणे शक्य नाही. त्यामुळे सगळी गरज भागवण्याचा विचार बाजूला ठेवून, आठवड्यातील दोन ठरलेल्या दिवशी थोडा पण खात्रीचा माल पोहोचवावा, असे माझे ठाम मत आहे. स्वयंपाकघराला अवचित आलेल्या मोठ्या ढिगापेक्षा त्याचा अधिक उपयोग होतो, कारण त्यावर विसंबून पुढचा बेत ठरवता येतो.

या दृष्टीने घेवडा, चवळी, वांगी आणि टोमॅटो ही पुन्हा पुन्हा तोडता येणारी पिके मुख्य ठेवा. झुडपी घेवडा आणि मुळा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे पेरा. कडेला लाल भोपळ्याचे वेल सोडा. साल कडक झाल्यावर देठासकट काढलेला भोपळा कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने टिकतो आणि इतर पिकांच्या दोन बहरांमधली पोकळी भरून काढतो. पालेभाज्या मात्र त्याच दिवशी शिजणार असतील एवढ्याच लावा.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याला एक महत्त्वाची जोड देतो. त्या जागेवर पूर्वी इमारत किंवा कारखाना असेल, अथवा ती वर्दळीच्या रस्त्यालगत असेल, तर लागवडीआधी मातीतील शिशाची तपासणी करून घ्या. जुन्या रंगांतले शिसे मातीत वर्षानुवर्षे राहते, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. प्रमाण जास्त आढळल्यास स्वच्छ माती आणून उंच वाफे करावेत. खतही पूर्ण कुजलेलेच वापरा. जेवायला येणाऱ्यांत वृद्ध आणि आजारी माणसेही असतील, याचा विसर पडू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. माती तपासायला देतो आणि स्वयंपाकघरातील मंडळींनाही भेटतो. सगळ्यांना रोज येणे जमणार नाही, तेव्हा पाण्याचे काय करावे? आणि कमी पडणाऱ्या भाजीसाठी काही उपाय आहे का?

प्रतिसाद ३

पावसाची साथ नसताना भाजीपाल्याला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागते, असे ढोबळमानाने धरतात. प्रत्येक चौरस मीटरला २५ लिटर, म्हणजे तुमच्या सगळ्या जागेला २५०० लिटर. उन्हाळ्यात याहून अधिक. हे बादल्यांनी वाहून भागणारे नाही, म्हणून ठिबक बसवा आणि वाळलेल्या पाल्याचे जाड आच्छादन करा. पाणी आणि तोडणी यांच्या पाळ्या नावानिशी लिहून लावा.

कमी पडणाऱ्या मालासाठी परिसरातील परसबागवाल्यांना सोबत घ्या. अमेरिकेत अलास्कातील अँकरेज येथे जेफ लोवेनफेल्स या बागकामविषयक स्तंभलेखकाने १९९५ साली आपल्या वाचकांना असेच आवाहन केले होते: आपल्या बागेत एक ओळ अधिक लावा आणि तिचे उत्पन्न भुकेल्यांसाठी द्या. पुढे ही मोहीम अँकरेजबाहेरही पसरली. तुमच्या शेजाऱ्यांकडून मात्र त्याच दोन ठरलेल्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी तोडलेला माल एके ठिकाणी गोळा करावा, म्हणजे अन्नछत्रात एकच खेप जाईल आणि तिथल्या लोकांना दिवसभर दाराशी थांबावे लागणार नाही.