मदत हवी आहे : आजारपणाची पगारी रजा कशी धरायची?

नमस्कार मंडळी, नाशिकला आमचं कपड्यांचं शोरूम आहे, दोन शाखा मिळून 26 जण कामाला. आमच्या कटिंग मास्तरांना कावीळ झालीये, डॉक्टरांनी तीन आठवडे सक्त आराम सांगितलाय, सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर आलंय आणि माणूस इतका प्रामाणिक की स्वतःच म्हणतो ताई पगार कापा. मला ते अजिबात पटत नाहीये.

मी वाचलं त्याप्रमाणे महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा पगारी आहेत, त्या तिमाहीला जमा होतात आणि वर्षअखेर वाया जातात, शिवाय 240 दिवस काम भरलं की दर 20 दिवसांमागे एक अर्जित रजा, ती 45 पर्यंत साठते. पण आजारपणाची वेगळी रजा काही त्यात दिसली नाही. सेल्सच्या मुलींना ईएसआयसी (सरकारी कर्मचारी विमा) आहे, त्यांना आजारपणात 70 टक्के तरी मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. मास्तरांचा पगार 21 हजारांच्या वर, त्यामुळे ते त्यात बसतच नाहीत, म्हणजे जुन्या अनुभवी माणसालाच आधार कमी, हे मला फार खटकतं.

तर कोणी एचआर किंवा लेबर कन्सल्टंट असेल तर सांगा, किरकोळ आणि अर्जित जोडून दिली तर रजिस्टरला नोंद कशी करायची? आणि सगळ्यांसाठी वर्षाला 7 दिवस आजारपणाची पगारी रजा आमच्याकडून सुरू करायची असेल तर नेमणूकपत्रात बदल करावा लागेल की नुसतं सर्क्युलर चालेल? पगार 7 तारखेला होतात, त्याआधी कळलं तर बरं होईल.