प्रति: हार्वेस्टरने सोयाबीनची डाळ होते

वर म्हटलंय की हार्वेस्टरने काढलेलं सोयाबीन बियाण्याला चालत नाही. दाणा फुटतो हे खरं, पण बहुतेक वेळा कारण सेटिंग असतं. मळणीचा ड्रम गव्हाच्या, म्हणजे मिनिटाला 800-900 फेऱ्यांवरच ठेवून माणूस सोयाबीनमध्ये घुसतो, मग डाळ होणारच! ड्रमचा दणका आणि खालची जाळी ही जोडी 1786 च्या सुमारास स्कॉटलंडच्या अँड्र्यू मिकलने बनवलेल्या मळणीयंत्रापासून तीच आहे. फेरे पिकाप्रमाणे बदलायचे असतात. बियाण्यासाठी 400-500 पुरे. आधी फेरे कमी करा, शेंगा न फुटता मागे जाऊ लागल्या तरच जाळी थोडी जवळ घ्या. परतीच्या एलेव्हेटरमधून (अर्धवट मळलेला माल पुन्हा ड्रमकडे नेणारी वाट) फार माल फिरत असेल तर चाळणी उघडा, नाहीतर तोच दाणा पुन्हा ड्रमखाली जातो.

काढताना दाण्यात ओलावा 13-14 टक्के हवा. 12 च्या खाली साल तडकते आणि टाकीत दाणा अख्खा दिसला तरी उगवण घसरते.

खरी गळ मात्र पुढे, पीक कापणाऱ्या कटरबारपाशी. भर दुपारी शेंगा पात्याच्या धक्क्यानेच फुटतात, त्यात पीक आत ओढणारं रील जोरात फिरत असेल तर बघायलाच नको. मशीन गेल्यावर जमिनीवरचे दाणे मोजा: चौरस फुटाला सरासरी 4 म्हणजे एकरी साधारण 20 किलो गेले.