क्यूमधली कामं कुठे अडकली ते दाखवणारं टूल सुचवा (बजेट महिना ₹५००)

मांडवीकाठ: नमस्कार मंडळी. कळंगुटच्या एका गेस्टहाऊसचं बुकिंग लारावेलवर (वेबसाइट बनवायची पीएचपी चौकट) चालतं. पाहुण्याने पैसे भरले की व्हाउचरची पीडीएफ बनवणं आणि ईमेल पाठवणं ही कामं क्यूत (मागे आपोआप चालणाऱ्या कामांच्या रांगेत) जातात. क्यू मायएसक्यूएल डेटाबेसमध्येच आहे, रेडिस (मेमरीत चालणारा वेगळा डेटाबेस) नाही. सर्व्हर एकच, २ जीबी रॅम. अधूनमधून व्हाउचर जात नाही आणि पाहुणा दारात उभा राहिल्यावर ते कळतं. काउंटरवरच्या मुलीला बुकिंग नंबर टाकून 'रांगेत, गेलं, फेल' एवढं दिसायला हवं. डिसेंबरच्या गर्दीआधी.

कुळागर: होरायझन घ्या, लारावेलच्या क्यूवर लक्ष ठेवणारं पान, रेडिसवर चालतं. फुकट आहे, फेल झालेलं काम बटण दाबून परत चालवता येतं. रेडिस टाकायला दहा मिनिटं पुरतात.

सांतेरी७: रेडिस नाही असं त्यांनी वरच लिहिलंय बाब. तरी टाकलंच तर एक लक्षात ठेवा: होरायझन पूर्ण झालेली कामं मूळ सेटिंगमध्ये ६० मिनिटंच ठेवतं. सकाळचं व्हाउचर गेलं का म्हणून दुपारी शोधाल तर काहीच सापडणार नाही. कॉन्फिगमधल्या 'ट्रिम'चे आकडे वाढवावे लागतात. फेल झालेली मात्र १०,०८० मिनिटं, म्हणजे आठवडाभर राहतात.

तिसवाडी: ८ जीबीचा सर्व्हर आणि पैसे भरून मॉनिटरिंग सेवा. आम्ही महिना ₹४,००० मोजतो, सगळे आलेख एका स्क्रीनवर. स्वस्तात करायला गेलात तर दोनदा खर्च होईल.

कुळागर: ₹५०० म्हणालेत ते. आणि आलेखावरून बुकिंग नंबर कसा शोधणार?

खाजेवाला: पायथनवर या. सेलरी (पायथनची क्यू) आणि त्याला फ्लॉवर (तिची कामं दाखवणारं पान). पोर्ट ५५५५ वर सगळी कामं दिसतात. पासवर्ड मात्र लावा, नाहीतर कोणीही उघडेल.

सांतेरी७: दोन महिन्यांत अख्खं बुकिंग नव्याने कोण लिहिणार? शिवाय सेलरीला अनोळखी आयडी विचारला तरी 'पेंडिंग' हेच उत्तर येतं. कधी पाठवलंच नाही ते कामही रांगेत असल्यासारखं दिसतं.

शेवटचीफेरी: टूल घेण्याआधी डेटाबेसमधलं 'जॉब्स' टेबल उघडा, क्यूतली कामं तिथेच असतात. 'रिझर्व्हड-ॲट' रिकामं असेल तर काम रांगेत, भरलेलं असेल तर वर्करने (क्यूतली कामं करणाऱ्या प्रोग्रामने) उचललंय. काम झालं की ती ओळ पुसली जाते, म्हणून 'गेलं' ही नोंद तिथे कधीच मिळणार नाही. वेगळं टेबल करा: बुकिंग नंबर, स्थिती, वेळ, एररचा मजकूर. क्यूत टाकताना 'रांगेत', जॉब सुरू होताना 'चालू', शेवटी 'गेलं', जॉबच्या 'फेल्ड' मेथडमध्ये (काम फसलं की चालणारा कोड) 'फेल'. २ जीबीत पीडीएफ बनवताना रॅम संपली तर लिनक्स वर्करलाच मारतो. त्या क्षणी 'फेल्ड' चालत नाही आणि ओळ 'चालू'वर लटकते. म्हणून ५ मिनिटांहून जुनं 'चालू' लाल रंगात दाखवा. 'गेलं' म्हणजे मेल सर्व्हरने स्वीकारलं, पाहुण्याच्या इनबॉक्सात पोचलं असं नव्हे, हे काउंटरवर समजावून सांगा.

मांडवीकाठ: एकाच पाहुण्याला दोन व्हाउचर गेल्याचंही झालंय. टाइमआउट (एका कामाला जास्तीत जास्त वेळ) १८० सेकंद केला होता.

शेवटचीफेरी: तेच कारण. 'रिट्राय-आफ्टर', म्हणजे न संपलेलं काम पुन्हा उचलण्याआधी थांबायचा वेळ, मूळचा ९० सेकंद. पीडीएफला १२० लागले तर ९० नंतर दुसरा वर्कर तेच काम उचलतो आणि दोघेही मेल पाठवतात. 'रिट्राय-आफ्टर' नेहमी टाइमआउटपेक्षा मोठा हवा, तुमच्याकडे २४० करा. वर्कर चालू ठेवणाऱ्या सुपरवायझर प्रोग्रामचा 'स्टॉप-वेट-सेक्स', म्हणजे बंद करताना थांबायचे सेकंद, मूळचा १० असतो, तोही २०० करा, नाहीतर रीस्टार्टच्या वेळी अर्धं काम मरतं.

तिसवाडी: सर्व्हर ऑफिसात असेल तर पावसात वीज गेली की हे सगळं वाया. यूपीएस घ्या.

कुळागर: क्लाउडवर असेल हो. होरायझनमध्ये हे सगळं आयतं मिळतं.

सांतेरी७: आयतं नाही मिळत, टाइमआउट आणि रिट्राय-आफ्टरचं गणित तिथेही हेच. आणि वर्करच बंद पडला तर? स्थितीचं पानही त्याच सर्व्हरवर, तेही शांत बसेल. शेड्युलरमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा भाग, सर्व्हरच्या क्रॉनवर चालतो) दर ५ मिनिटांनी एक छोटं काम क्यूत टाका, त्याने फक्त हेल्थचेक्स या बाहेरच्या सेवेला पिंग (जिवंत असल्याचा इशारा) करायचं. पिंग थांबला की ईमेल येतो. क्रॉन आणि वर्कर दोन्ही जिवंत असल्याचा पुरावा एकाच पिंगमध्ये मिळतो. मुदतीवर १० मिनिटांची सूट ठेवा, म्हणजे मोठ्या पीडीएफमागे अडकलेल्या पिंगने उगाच घाबरायला होणार नाही. फुकटात चालतं.

खाजेवाला: वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल, पानावर ५ तास ३० मिनिटं मिळवायला विसरू नका. रात्री २ चं काम आदल्या दिवशी २०:३० चं दिसेल.

मांडवीकाठ: सगळ्यांचे आभार. होरायझन, रेडिस, मोठा सर्व्हर यातलं काहीच घेत नाही. वेगळं टेबलही नको, बुकिंगच्या टेबलातच स्थिती आणि वेळ असे दोन कॉलम वाढवतो. काउंटरवर तेच पान उघडं असतं. पिंग लावतो, २४० आज रात्रीच करतो.

शेवटचीफेरी: पुन्हा पाठवलं की आधीची नोंद पुसली जाईल. पाहुणा "मला कालच का नाही आलं" म्हणाला तर दाखवायला काही उरणार नाही.

मांडवीकाठ: खरं आहे, पण काउंटरवर आत्ता गेलं का एवढंच विचारतात.

कुळागर: तरी एकदा होरायझन बघाच.