निर्दोष सुटला, पण अटकेची बातमी अजून दिसते. काय करावं?

प्रश्नकर्ती: धाकटा भाऊ पतपेढीत कॅशिअर होता. अपहाराच्या गुन्ह्यात अटक झाली, स्थानिक पोर्टलवर फोटोसकट बातमी आली. पुढे कोर्टानं निर्दोष सोडलं, त्याची एक ओळही कुठे नाही. स्थळाकडचे नाव शोधतात आणि बोलणी थांबतात. बातमी काढायला लावता येईल का?

तालुका वार्ताहर: ताई, ‘काढा’ म्हणू नका, ‘पूर्ण करा’ म्हणा. अटक झाली होती हे खरंच आहे. निकालाची प्रमाणित प्रत जोडून संपादकांना लेखी द्या: मथळ्यात ‘निर्दोष मुक्तता’ घाला, फोटो हटवा. एवढंही न करणारा संपादक माझ्या लेखी पत्रकार नाही. पण बातम्या पुसायची वाट मोकळी झाली, तर पहिले रांगेत वाळूमाफिया उभे राहतील. वाळूउपशावर लिहिलं म्हणून मला बदनामीची नोटीस आली होती. मजकूर खरा होता, तरी मालक घाबरले आणि बातमी उतरवली. त्या गावची नदी अजून उपसली जातेय.

वकील: सहमत. राजगोपाल खटल्यात (1994) सर्वोच्च न्यायालयानं न्यायालयीन नोंदींवर आधारित मजकूर छापायला मोकळीक दिली आहे. बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष. फौजदारी बदनामीला (भारतीय न्याय संहिता, कलम 356) दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण इथे ते हत्यार नको.

प्रश्नकर्ती: प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करते. फोटो तरी हटायलाच हवा, आई तो बघून रडते.