प्रतिसाद: बीटा पेशी आणि रस्त्यावरची भिंत

जाहिरात उद्योगाचे स्वनियमन हे शरीरातील साखरेच्या नियंत्रणासारखेच असते, असे वर एका सदस्यांनी म्हटले आहे. ते मला अर्धेच पटते. जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंडातील बीटा पेशींना ती थेट जाणवते, इन्सुलिन स्रवते आणि साखर उतरू लागताच ते स्रवणेही मंदावते. म्हणजे मोजणारा आणि आवरणारा तिथे एकच असतो. जाहिरातींत तसे नाही: १९८५ साली स्थापन झालेली, जाहिरात उद्योगाचीच स्वनियमन संस्था असलेली भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे ‘अ‍ॅस्की’, काही जाहिराती स्वतःहून तपासते, पण एरवी कोणीतरी तक्रार करावी लागते.

आमच्या बेळगाव-खानापूर रस्त्यालगतच्या एका भिंतीवर ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे वर मराठीत आणि खाली कानडीत रंगवलेले आहे. (सीमावादात भाषेच्या पाट्यांवरून भांडणारे आम्ही, या दोन ओळींवर मात्र कोणाचाच आक्षेप नाही!) दोन पावसाळ्यांत चुना उडाला, तरी दावा अजून वाचता येतो. वास्तविक अशा जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानेच बंदी आहे. दूरचित्रवाणीसाठी अ‍ॅस्कीच्या आचारसंहितेला केबल टीव्हीच्या सरकारी नियमांचा आधार तरी मिळाला. भिंतीला तशी बीटा पेशी कुठून आणायची?