नवी स्कोप-मालिका: शिकारीला १८× झूम हवाच कशाला?

कातरवेळ:
नव्या मालिकेत तीन स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणी, आहेत: १-६×२४, २-१२×५० आणि ३-१८×५० (आधीचे आकडे झूमचे, शेवटचा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीत). त्यातला सगळ्यात मोठा मी महिनाभर वापरला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा तिच्यावरच घसरेल. तिन्हींना ३० मिमीची नळी, पहिल्या फोकल प्लेनमधलं, म्हणजे झूमबरोबर लहानमोठं होणारं रेटिकल (नेम धरायची फुली आणि तिच्यावरच्या खुणा), वर उघडे टरेट, म्हणजे नेम सरकवायची फिरती बटणं. खोक्यावर ठळक अक्षरात '९२ टक्के प्रकाश पार'. माझं मत आधीच सांगतो: चांदमारीला झकास, रानात अडचण.

शिकारीचा क्षण बहुधा उजाडताना येतो, नाहीतर अंधारून येताना. पुढच्या भिंगाच्या व्यासाला झूमने भागलं की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ५० भागिले १८, म्हणजे जेमतेम २.८ मिमी. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते. म्हणजे दार सताड उघडं आणि आत येतो तो कवडसा. बरं, झूम कमी करावं तर चित्राबरोबर रेटिकलही बारीक होतं. ३× वर रेघा १८× च्या एक षष्ठांश जाडीच्या दिसतात. सूर्य मावळून वीस मिनिटं झाल्यावर काळ्या झुडपापुढे मला फुली सापडेचना. मधला लाल ठिपका पेटवला, तर सगळ्यात मंद पायरीवरही तो मागचं सगळं गिळून बसला.

वजन ८०० ग्रॅमच्या आसपास. साधा ३-९×४० याच्या निम्म्यात भरतो.

डोंगरउतार:
साफ असहमत. स्कोप १८ चा आहे म्हणून १८ वरच ठेवा, असं कोण म्हणालं? ७× वर आणा, तेच भिंग ७ मिमीचं वर्तुळ देतं. दोष झूमचा नाही, ते फिरवायचा कंटाळा करणाऱ्याचा.

आणि पहिल्या फोकल प्लेनला नावं ठेवण्याआधी दुसऱ्याचं दुखणंही सांगा. तिथे झूम बदललं तरी रेटिकल तेवढंच राहतं, म्हणून त्याच्या खुणा एकाच झूमवर खऱ्या असतात. १०० मीटरवर झीरो केलेल्या, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवलेल्या, ३०८ रायफलची गोळी ३०० मीटरवर साधारण ४५ सेंमी खाली जाते, म्हणजे दीड मिल (एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग). खुणा १८× साठी आखलेल्या आणि गडबडीत झूम ९× वर राहिलं, तर दीडची खूण प्रत्यक्षात तीन मिल दाखवते. गोळी नेमाच्या ४५ सेंमी वर, जनावराच्या पाठीवरून. उघड्या डोंगरउतारावर मी अशी चूक केलीय. नशीब, गोळी कुठेच लागली नाही. जखमी होऊन पळालं असतं तर रात्रभर माग काढत बसलो असतो.

कातरवेळ:
३०० मीटर आणि लख्ख उजेड असेल तर मान्य. मी बसतो त्या झाडीत ८० मीटरपलीकडे दिसतच नाही हो! तिथे मला दीड मिल नको, ठसठशीत फुली हवी.

क्लिकमोज्या:
दोघांचंही चालू द्या, पण या स्कोपच्या टरेटचे क्लिक, म्हणजे फिरवताना लागणारे टप्पे, कुणी मोजले का? मी मधला, २-१२×५०, शिकंज्यात आवळला आणि १०० मीटरवर ओळंब्याने उभी रेघ आखलेला फळा लावला. एक क्लिक ०.१ मिल, म्हणजे तिथे १ सेंमी. शंभर क्लिकला फुली १०० सेंमी सरकायला हवी होती, सरकली ९७.

मग म्हटलं, शिकाऱ्याचं यात बिघडतं काय? ४५ सेंमीच्या दुरुस्तीत तीन टक्के म्हणजे दीड सेंमीसुद्धा नाही, आणि हरणाच्या छातीतली नेमाची जागा वीस-पंचवीस सेंमीची. खरी परीक्षा परत येण्याची. वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली, असा चौकोन पाच वेळा फिरवला. फुली दर वेळी मूळ बिंदूवर. पन्नास गोळ्यांचे धक्के खाऊनही झीरो हललं नाही. माझ्या लेखी स्कोप इथेच पास.

(३० मिमीच्या नळीने जास्त उजेड येतो असं पुन्हा कुणी लिहू नका. तिचा फायदा मुख्यतः क्लिकना जास्त वाव मिळण्याचा.)

जुना चष्मा:
कातरवेळ, तुमचं ते ७ मिमी तरुणांचं. पन्नाशीनंतर बाहुली ५ च्या आसपासच उघडते. मला १०× वरचं ५ मिमीचं वर्तुळ पुरतं. त्याहून मोठं दिलं तर उरलेलं बुबुळावर सांडणार. उलट संध्याकाळी ७× वर नुसता ठिपका वाटतो तिथे १०× वर शिंगं मोजता येतात. तेव्हा मोठं झूम अंधारात कुचकामी, हे सरसकट विधान मागे घ्या.

त्या ९२ टक्क्यांचं मात्र हसू आलं. परतणारा उजेड रोखणारा लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परतवतो. असे चौदा ओलांडले की निम्म्याहून जरासाच जास्त उरतो. म्हणून १९३५ साली झाइस या जर्मन भिंग-कंपनीत स्माकुला यांनी शोधलेला लेप ही मोठी गोष्ट होती. पण ९० आणि ९२ मधला फरक डोळ्याला कळत नाही. त्यापेक्षा मावळत्या सूर्याच्या शेजारी स्कोप धरून बघा, चित्रावर दुधाळ पडदा येतो का. खोक्यावर हे कुणी छापत नाही.

कातरवेळ:
वयाचा मुद्दा घेतला, विधान मागे. मंगळवारी २-१२ आणि ३-१८ शेजारी लावून, दोन्ही १०× वर ठेवून, पडद्याचंही बघतो.

उघडा टरेट मात्र नकोच. गवसणीतून काढताना तो बारा क्लिक फिरला होता, आणि मला ते कळलं पहिली गोळी १२ सेंमी वर गेल्यावर.

डोंगरउतार:
गोळी झाडण्याआधी टरेटचा आकडा बघायचा असतो राव.

क्लिकमोज्या:
अंधारात कुठला आकडा दिसतोय? एक तर टोपी हवी, नाहीतर दाबल्याशिवाय न फिरणारं कुलूप. मधल्या मॉडेललाही दोन्ही नाही. हे मात्र कंपनीचं चुकलंच.