तालमीचा फुटबॉल संघ नेमका किती वर्षांचा? इतिहास लिहिताना पडलेला प्रश्न

पेठेतला लेखनिक

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या पेठेच्या तालमीने आपल्या फुटबॉल संघाच्या इतिहासाची स्मरणिका काढायचे ठरवले असून मजकुराची जबाबदारी माझ्यावर आली आहे. पहिल्याच पानावर मी अडलो आहे. तालीम संस्थानकाळातील आहे याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु संघ केव्हा उभा राहिला असे विचारले की प्रत्येक ज्येष्ठ खेळाडू वेगळे साल सांगतो. कार्यकारिणीतील काही जणांचे म्हणणे असे, की तालमीचे स्थापनावर्ष तेच संघाचेही धरावे, म्हणजे वाद मिटेल. मला ते पटत नाही, पण त्यांना उत्तर काय द्यावे हेही सुचत नाही. शिवाय बाहेरगावच्या वाचकाला कुस्तीच्या तालमीत फुटबॉल कसा आला, हे समजावून सांगावे लागेल.

हाताशी ढालींचे एक कपाट, जमाखर्चाच्या दोन वह्या आणि अकरा खेळाडूंचे एक छायाचित्र आहे. छायाचित्रावर नावे नाहीत. मागे निळ्या शाईत ‘फायनल’ एवढा एकच शब्द लिहिला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना सेंटर हाफ

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

बाहेरच्या माणसाला तालीम म्हटले की हौदातील तांबडी माती आणि मारुतीची मूर्ती दिसते. ते खरेच आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला त्यातून पेठोपेठी तालमी फोफावल्या आणि 1912 साली खासबाग मैदान उभे राहिले. पण आमच्या पिढीने तालीम पाहिली ती पेठेचे सामाईक घर म्हणून. गणपती तिथेच बसतो, अनेक तालमींत मोहरमला पंजेही बसतात, भांडणाचा निवाडा कट्ट्यावर होतो आणि कोणाच्या घरी मयत झाली तर पहिली धावाधाव तालमीतील पोरांचीच असते. अशा घरात नवा खेळ आला तेव्हा त्याला वेगळा क्लब काढण्याची गरजच पडली नाही. वर्गणी देणारे हात होते, खुराकाची सवय होती, पेठेच्या नावासाठी अंग झोकून देणारी पोरे होती आणि शेजारच्या पेठेशी पिढ्यान्‌पिढ्यांची ईर्षाही होती. फुटबॉलला याहून अधिक काय लागते?

संघांची नावेच पाहा. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा या तालमी; शिवाजी आणि संध्यामठ ही तरुण मंडळे; फुलेवाडी हे क्रीडा मंडळ; आणि प्रॅक्टिस हा सरळ क्लब. एकाच मैदानावर खेळणारे हे संघ चार निरनिराळ्या प्रकारच्या संस्थांतून आलेले आहेत, हे त्यांच्या नावांतच नोंदलेले आहे. पाटाकडील या नावात तर पेठेतून वाहणाऱ्या पाण्याच्या पाटाची आठवण टिकून आहे. आपल्या स्मरणिकेत संघाच्या नावावर एक स्वतंत्र प्रकरण अवश्य असू द्या.

आता सालाविषयी. दोन्ही साले द्या, पण वेगवेगळी द्या. ज्या पोरांनी पहिल्यांदा वर्गणी काढून चेंडू आणला, त्यांच्या आधी संघ होता असे लिहिणे म्हणजे त्यांचे श्रेय काढून घेणे होय. तो चेंडूही साधा नव्हता. आत रबरी ब्लॅडर, वर कातडे आणि तोंडाला वादी आवळलेली. ओल्या मैदानावर तो पाणी पिऊन इतका जड होई, की वादीची बाजू कपाळावर आली तर वळ उठे. आम्ही सामन्यानंतर त्याला चरबी चोळून ठेवत असू. असे तपशील विचारा, साले नंतर विचारा. चेंडू कोणी विकत आणला हे ज्याला आठवते, त्याला बहुधा त्या वेळी आपण कोणत्या इयत्तेत होतो हेही आठवते, आणि साल तिथून निघते.

इतिहासाची शिक्षिका

वरील प्रतिसादातील शेवटची सूचना मोलाची आहे. तिला पूरक म्हणून आठवणी पडताळण्याचे काही मार्ग सुचवते.

खेळाच्या नियमांत बदल केव्हा झाले हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे ते तारखांच्या खुणांसारखे वापरता येतात. पिवळ्या आणि लाल कार्डांची पद्धत प्रथम 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात आली. सामना बरोबरीत सुटल्यास पेनल्टी किकवर निकाल लावण्याची पद्धतही नियमांत आली ती 1970 सालीच. म्हणून कोणी आजोबा 1962 चा अंतिम सामना टायब्रेकरवर जिंकल्याचे सांगत असतील, तर बहुधा सामना खरा आणि साल चुकीचे आहे. गोलकीपरने सहकाऱ्याने पायाने दिलेला पास हातात घेतला आणि पंचांनी फाउल दिला, अशी हकिगत असेल तर ती 1992 नंतरची. वृद्ध माणसाला खोटे पाडण्यासाठी हे वापरू नये. दोन सामन्यांची सरमिसळ झाली असेल तर ती त्यांच्यासमोरच हळुवारपणे सोडवावी.

छायाचित्रातील पाय पाहा. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते आणि 1952 ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा पराभव झाल्यावर आपल्याकडे बुटांचा आग्रह वाढला. आपल्या छायाचित्रात काही जण अनवाणी आणि काही बुटांत असतील, तर अंदाज बांधायला तेवढा धागा पुरतो. मात्र तो अंदाज आहे असे स्पष्ट लिहावे, कारण गरिबीमुळेही मुले पुढे कित्येक वर्षे अनवाणी खेळली. जमाखर्चाच्या वह्या तर सोन्यासारख्या आहेत. बूट, जर्सी, चेंडू, प्रवेश फी यांच्या पहिल्या नोंदी शोधा. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे संघाची नोंदणी होत असल्याने तेथेही लेखी विचारणा करावी आणि स्थानिक दैनिकांचे जुने अंक ग्रंथालयात जाऊन चाळावेत.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. मारामाऱ्यांची वर्षे वगळू नका. शाहू स्टेडियममध्ये समर्थकांच्या हुल्लडबाजीने सामने थांबले आहेत, पोरांवर गुन्हे दाखल झाले आहेत आणि काहींच्या नोकऱ्या त्यापायी हुकल्या आहेत. माझ्याच एका विद्यार्थ्याचे वर्ष त्यात गेले. ढालींच्या यादीसोबत हेही लिहिले नाही, तर इतिहास अपुरा राहील.

पुण्यात राहणारी पेठकरीण

माझे वडील अशाच एका तालमीच्या संघात गोलकीपर होते. हंगामात अकराही जर्सी आमच्या परड्यातील दगडावर आई धूत असे आणि मी त्या नंबराप्रमाणे दोरीवर वाळत घालत असे. कोणत्याही स्मरणिकेत तिचे नाव आलेले मी पाहिलेले नाही. सतरा वर्षांखालील 2017 च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. पण आता पेठेतील मुलीही फुटबॉल खेळत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्या दगडावर जर्सी धुणाऱ्या बायकांसाठी चार पाने राखून ठेवावीत, असे मनापासून वाटते.

पेठेतला लेखनिक

सर्वांचा ऋणी आहे. काल रात्री दोन्ही वह्या घेऊन बसलो. पहिल्या वहीत गणपतीचा खर्च संपतो तिथे, मंडपाच्या भाड्याखाली, ‘ब्लॅडर 1, वादी 1’ अशी नोंद मिळाली. पानाचा वरचा कोपरा वाळवीने खाल्ला असल्यामुळे साल दिसत नाही, परंतु अलीकडच्या पानावर तिथी आहे आणि तिच्यावरून साल काढता येईल. छायाचित्राची मोठी प्रत काढून मी रविवारी सकाळी तालमीत भिंतीवर लावणार आहे. खाली प्रत्येकाच्या पायाशी कोरी जागा सोडली आहे, पेन्सिल दोरीने बांधून ठेवली आहे आणि ज्यांना चालवत नाही अशा तीन ज्येष्ठांना आणण्यासाठी रिक्षा सांगितली आहे. त्या अकरांपैकी चौघे अनवाणी आहेत.